आमची वाटचाल : 1/35 रणगाडे आणि रंगाचा पहिला हात

रणगाड्यांची छोटी मॉडेल रंगवणाऱ्या आमच्या कार्यशाळेची सुरुवात स्प्रे कॅनवर झाली. 1/35 प्रमाणात (मॉडेल खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाइतकं) 0.1 मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटरचा लेप. कॅनचा रंग इतका दाट बसायचा की बोल्टांची डोकी आणि वेल्डच्या रेषा बुजून जायच्या. म्हणून एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारं साधन, आला: डबल ॲक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), 0.3 मिलिमीटर नोझल, आणि हवेची टाकी असलेला कॉम्प्रेसर. टाकी नसेल तर हवा धक्क्याधक्क्याने येते आणि बारीक रेषेत तो धक्का उमटतो.

आज प्रत्येक मॉडेलवरचा बराचसा वेळ प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा अस्तराचा हात) आणि त्याच्या तयारीत जातो, आणि तो कमी करायची आमची तयारी नाही. सुटे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुतो. साच्याचा तेलकटपणा राहिला की रंग मास्किंग टेपबरोबर उचलून येतो. पितळी पत्र्याच्या बारीक भागांवर तर प्रायमरशिवाय रंग धरतच नाही.

आधी ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर वापरायचो. वास कमी, पण घासायला गेलं की कातडीसारखा सोलून निघतो, आणि पक्का व्हायला निदान एक दिवस हवा. आता मिस्टर सरफेसर 1500 हा लॅकर प्रकारचा (झपाट्याने उडणाऱ्या थिनरचा) प्रायमर वापरतो, एक भाग प्रायमरला दीड भाग लेव्हलिंग थिनर. हवेचा दाब 15 ते 18 पीएसआय (दाबाचं एकक), अंतर 10 ते 12 सेंटिमीटर. पहिला हात नुसता धुरकट. पाच-दहा मिनिटांनी दुसरा, ओलसर चमकेल पण ओघळणार नाही असा. लांबून मारलं तर थेंब हवेतच वाळतात आणि हाताला पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागतं. उन्हाळ्यात हे फार होतं.

पावसाळ्यात उलटा त्रास. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि लॅकर पांढुरकं दिसायला लागतं. शिवाय नळीतलं पाणी नोझलमधून थुंकल्यासारखं उडतं. त्या दिवसांत नळीतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप वारंवार रिकामा करतो, आणि झड लागली असेल तर लॅकरचं काम सरळ पुढे ढकलून ग्राहकाला तसं कळवतो. सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा यांत मात्र ऋतू बघत नाही.

शेडिंगचं (खाली गडद रंग देऊन सांधे-कोपरे खोल दाखवण्याचं) आमचं आवडतं मॉडेल म्हणजे सेंच्युरियन, 1971 च्या भारत-पाक युद्धात भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स रेजिमेंटने बसंतरच्या लढाईत वापरलेला रणगाडा. ऑलिव्ह हिरव्याखाली निव्वळ काळा दिला की हिरवा थंड, मेलेला दिसतो. म्हणून टामिया कंपनीचा नाटो ब्लॅक (रंग क्रमांक एक्सएफ-69) दोन भाग आणि हल रेड (एक्सएफ-9) एक भाग. हे मिश्रण टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) पोटाखाली, बाजूच्या पत्र्यांच्या सांध्यांत, झाकणांभोवती आणि इंजिनाच्या जाळीवर मारतो. त्यावर ऑलिव्ह ड्रॅब (एक्सएफ-62), एकास तीन थिनर, 10 ते 12 पीएसआय, नोझल दोन-तीन सेंटिमीटरवर. पत्र्याच्या मध्यापासून कडेकडे, गोल गोल फिरवत, चार-पाच पातळ हात. एकच जाड हात दिला की खालची सगळी मेहनत झाकली गेली समजा.

उजळ भागासाठी पांढरा घालत नाही, त्याने रंग खडूसारखा होतो. डार्क यलो (एक्सएफ-60) थोडा थोडा घालतो आणि फक्त आडव्या, वर बघणाऱ्या पृष्ठभागांवर मारतो.

रंग कोळ्याच्या पायांसारखा फुटला तर तो फार पातळ झालाय किंवा ट्रिगर जास्त ओढलाय. दाब वाढवू नका, तो कमी करा. सुईच्या टोकावर रंग वाळून पिचकारी मारू लागला तर थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाने टोक पुसायचं आणि कपात रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब टाकायचे.

ऑलिव्ह एका छटेने फिकट वाटतोय, अशा टप्प्यावर आम्ही एअरब्रश खाली ठेवतो. पुढे गडद तपकिरी ऑइल वॉश (वरून द्यायचा पातळ तैलरंग) बसला की सगळंच आणखी गडद होतं.