पेव्हर ब्लॉक, शेवाळ आणि पागोळ्या

गावाला आमच्या घरासमोर पूर्वी शेणाने सारवलेलं खळं होतं (सिंधुदुर्गात अंगणाला खळं म्हणतात). पावसात त्यात गवत माजायचं, मग दसऱ्यानंतर ते काढा, माती घाला, चोपण्याने चोपा, सारवा, आणि हे सगळं तुळशीच्या लग्नाच्या आत. दरवर्षी माणसं शोधायची कटकट नको म्हणून पाच वर्षांपूर्वी मी पेव्हर ब्लॉक घालून घेतले आणि आईला छातीठोक सांगितलं, आता खळ्याचं काम कायमचं संपलं.

पहिल्याच गणपतीला मुंबईहून गेलो, पडवीतून खाली पाय टाकला आणि हातातल्या नारळांसकट सरळ बसलो. आतून आईचा आवाज, "रे, हळू चल, घसरान पडशीत." पडून झाल्यावर.

तसाच बसलेलो असताना एक गोष्ट नीट दिसली. शेवाळ सगळीकडे नव्हतीच! पागोळ्या जिथे पडतात तिथे कौलांना समांतर हातभर रुंदीचा हिरवा पट्टा, आणि दुसरी फणसाखाली. मध्ये तुळशीजवळ, जिथे ऊन येतं, तिथे ब्लॉक जवळजवळ स्वच्छ. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता पण मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि बाथरूमचं अ‍ॅसिड घेऊन आलो.

अ‍ॅसिडने शेवाळ गेली, पण सोबत ब्लॉकवरचं सिमेंटही खाल्लं. वरचा गुळगुळीत थर जाऊन आतली कच उघडी पडली, आणि खरबरीत जागेवर शेवाळ आणखी छान धरते हे पुढच्या वर्षी कळलं. त्या वर्षी मित्राचं गाड्या धुवायचं प्रेशर मशीन आणलं. अर्ध्या तासात खळं नव्यासारखं, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर पण टाकले, फक्त पाण्याच्या जोराने सांध्यांमधली सगळी रेती उडून गेली होती. ब्लॉक डुगडुगायला लागले, मुंग्यांनी वारूळ केलं, फटींमध्ये पाचोळ्याची माती भरली आणि तिच्यात लव्हाळा आला. लव्हाळा म्हणजे डोकेदुखी, वरून उपटला की पात हातात येते, खालची गाठ तिथेच राहते आणि चार दिवसांत परत हिरवागार. उकळतं पाणी ओतून बघितलं, बारीकसारीक गवत मरतं, लव्हाळ्याला काही फरक पडत नाही. तो जुन्या स्क्रूड्रायव्हरने गाठीसकट उकरूनच काढावा लागतो, आणि पावसाची उघडीप असताना, फटी ओल्या असतात तेव्हाच.

लोक म्हणतात ब्लॉकखाली प्लॅस्टिक अंथरायचं होतं. त्याने काय होणार, बी बहुतेक खालून येत नाही, वाऱ्याने वरून येऊन फटीतल्या मातीत पडतं. म्हणजे फटीत माती साचू द्यायची नाही एवढंच आपल्या हातात. तणनाशकाच्या वाटेला गेलो नाही कारण विहीर खळ्यापासून दहा पावलांवर आहे, शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असा आदेश केंद्राने २०२२ मध्ये काढला होता.

शेवटी तिसऱ्या वर्षी पत्र्याची पन्हळ बसवली. पागोळ्यांचं पाणी पाइपने थेट गटारात. फणसाच्या दोन खालच्या फांद्या छाटल्या (आई दोन दिवस बोलली नाही). अर्धी शेवाळ इथेच संपली, खरंच सांगतो. ज्याने ब्लॉक घातले त्याने ढाळ घराच्या दिशेने दिला होता, त्यामुळे जोत्याजवळ पाणी साचायचं, तेवढ्या दोन ओळी उचलून पुन्हा बसवून घेतल्या, पैसे अर्थातच माझे.

उरलेल्या शेवाळीला ब्लिचिंग पावडर, तीच टीसीएल जी ग्रामपंचायत विहिरीत टाकते. बादलीभर पाण्यात मूठभर, पंधरा मिनिटं ठेवायची, मग माडाच्या हिरांच्या खराट्याने घासायचं. तुळशीपासून लांब ठेवा, आणि अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन गॅस होतो, जीवावर बेतेल. गणपतीच्या आठ दिवस आधी हे केलं की चाकरमानी घसरत नाहीत.

दसऱ्यानंतर मात्र सगळं साग्रसंगीत. फटी उकरा, कोरडं होऊ द्या, बारीक रेती पसरा, खराट्याने फटींत झाडत झाडत भरा, पुन्हा भरा. दोन माणसं, दोन दिवस. गेल्या वर्षी मी ओणवा होऊन रेती लोटत होतो तर आई पडवीत बसून म्हणाली, "मगे चोपण्यान चोपतंस की नाय?"

आणि जूनमध्ये फटींना हात लावायची परवानगीच नाही. तेव्हा कोवळा टाकळा उगवतो, तो आईला भाजीला लागतो.