नळाला आलेली बिअर

भाच्याचा फोन आला. "मामा, शनिवारी संध्याकाळी मोकळा आहेस ना? टॅप टेकओव्हर आहे." मला वाटलं सोसायटीतल्या पाण्याचं काहीतरी. पुण्यात नळ आणि ताबा हे दोन शब्द एका वाक्यात आले की माणसाचं लक्ष टाकीकडेच जातं. मग त्याने समजावून सांगितलं. एका रेस्टॉरंटमधले बिअरचे सगळे नळ एका रात्रीपुरते एका छोट्या ब्रुअरीला देऊन टाकायचे. त्या रात्री नळाला तिचीच बिअर.

माझं बिअरशिक्षण परमिट रूममध्ये झालेलं. तिथे प्रश्न एकच असायचा, "स्ट्राँग का माइल्ड?" आणि आपला उलटा प्रश्नही एकच, "थंड आहे ना?" बाटलीला हाताची मागची बाजू लावून बघायची, पसंत पडली नाही तर परत पाठवायची. चवीबद्दल चर्चा व्हायची ती चकल्यांची. (परमिट रूममधलं परमिट 1949 च्या दारूबंदी कायद्यातून आलं. आमच्या ग्रुपमध्ये ते कुणी डोळ्यांनी पाहिल्याचं मला आठवत नाही.)

इथे टेबलावर आली एक लाकडी फळी. तिला पाच भोकं, प्रत्येक भोकात एक बुटका पेला. पिवळाधमक, गढूळ पिवळा, मधासारखा, तांबूस आणि शेवटचा काळा कुळकुळीत. घरी होमिओपॅथीच्या बाटल्या मांडतात तसं दिसत होतं. मी हाताची मागची बाजू लावून बघितली. म्हणावी तशी थंड नव्हती.

"मुद्दामच, सर," ब्रुअरीतली मुलगी म्हणाली. फार गार केली की वास मरतो. मग तिने इंग्रजीतून बरंच सांगितलं. एस्टर, फिनॉल वगैरे. मी मान डोलावत राहिलो. गढूळ पेला नाकाशी नेला आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, यात लवंग आहे!"

"नाहीये," ती एकदम मराठीत आली. "लवंग नाही, आणि मागून केळ्याचा वास येईल तेही नाही. गव्हाची बिअर आहे ही. दोन्ही वास यीस्टनेच तयार केलेत, काका." सरांचा काका झाला तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

पुढच्या पेल्यात मात्र खरोखरच धणे होते. बेल्जियमकडची पद्धत म्हणे, धणे आणि संत्र्याची साल. आमटीतले धणे मी जन्मभर खात आलो, पण ते असे प्यायला मिळतील असं वाटलं नव्हतं. काळ्या पेल्यात कॉफीचा वास, तर तिथे कॉफीचा पत्ता नाही. जव काळा पडेपर्यंत भाजलेले. म्हणजे सगळा मिसळणाचा डबा समोर उघडा, आणि कुठल्या वाटीत खरोखर जिन्नस आहे आणि कुठल्या वाटीत नुसता वास, हे ओळखायचं. मी पाचात तीनदा चुकलो. भाचा चारदा चुकला, हे नोंदवून ठेवतो.

बव्हेरियात 1516 साली एक फर्मान निघालं होतं. बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) आणि पाणी. सगळी मजा जे करतं त्या यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. मला हे ऐकून आईच आठवली. इडलीच्या पिठात काय घालतेस विचारलं की ती सांगायची, तांदूळ, उडीद, चिमूटभर मेथ्या. रात्रीतून पातेल्याचं झाकण वर ढकलणाऱ्याचं नाव तिनेही कधी घेतलं नाही. "पीठ आलं" एवढंच म्हणायची, जसा काही पाहुणा आला.

तांबूस पेला कडू होता. साधा कडू नाही. पाडव्याला कडुनिंबाची पानं चावताना चेहरा जसा होतो, तसा. ही इंडिया पेल एल. नावात इंडिया, पण जन्म इंग्लंडचा. इथल्या साहेबांसाठी पिंपं जहाजात चढायची आणि आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला उतरायची. तेवढा प्रवास बिअरने टिकावा म्हणून हॉप्सचा हात सढळ, आपण लोणच्यात मीठ जरा चढं घालतो तसा. आपल्या देशाच्या नावाची वस्तू दोनशे वर्षांनी चाखून "फार कडू आहे बुवा" म्हणणारा मी.

पण नावांच्या हिशेबात आपलाही एक गोल आहे. 2009 साली पुण्यात सुरू झालेली मायक्रोब्रुअरी म्हणजे डूलाली. हा शब्द मूळचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत पडून असलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, आणि त्याला ते म्हणायचे 'डूलाली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्या समोरचे रिकामे पेले मोजले.

साडेदहाच्या सुमाराला मी धण्याची अजून एक मागवली. पोराने नळाचा दांडा ओढला. नळ घुरघुरला, दोनदा ठसकला, पेल्यात नुसता फेस पडला आणि मग फुस्स करून हवा. हा आवाज मी झोपेतही ओळखतो.

"संपली, काका."

"बरं," मी सवयीने विचारलं, "परत किती वाजता येणार?"