आमची वाटचाल : सोळावा दिवस

अकरा वर्षं वॉर्डात नर्स होते. अर्धांगवायूचा पेशंट घरी गेला की महिन्याभरात पाठीला जखमा घेऊन परत यायचा, ते बघवत नव्हतं. म्हणून २०१४ साली लातुरात दोन सिस्टर आणि एका जुन्या स्कूटीवर घरपोच रुग्णसेवा सुरू केली. पैसे घरचे लोक द्यायचे, महिन्याच्या महिन्याला, रोख. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या मावशी अर्ध्या बादलीत पेशंटचं अंग पुसून चादर बदलायच्या. त्यांच्या जिवावर आम्ही टिकलो.

सरकारी योजनांशी संबंध आला तो एका खासगी रुग्णालयामार्फत. आयुष्मान भारत असो की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, पैसे मिळतात ते रुग्णालयाला. आयुष्मानच्या पॅकेजात, म्हणजे उपचारासाठी ठरलेल्या एकरकमी दरात, डिस्चार्जनंतरचे १५ दिवसही धरलेले असतात. त्या दिवसांतलं घरी जाऊन ड्रेसिंग करायचं काम आम्ही घेतलं. २०२३ च्या जुलैत फुले योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. काम वाढेल म्हणून मी आणखी सहा मुली घेतल्या.

काम वाढलंही. पण रुग्णालयानं योजनेकडे मागितलेले पैसे, म्हणजे क्लेम, अडकला की रुग्णालय आमचं बिल थांबवायचं. सलग चार महिने रुपया आला नाही. सिस्टरांना पगार एक तारखेलाच लागतो. कुणाचं खोलीभाडं, कुणाच्या लेकराची फी. मी मुलीच्या नावची ठेव मोडली. तरी दोघी पुण्याला गेल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही.

वाट दाखवली आमच्या सीएंनी. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, हा कायदा २००६ चाच आहे. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, बिल थकवणाऱ्याला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. आम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, केली, करार लेखी केला आणि बिलं वेळेत यायला लागली. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र ‘नोंदणी रद्द करा, मग काम देतो’ म्हणाले. ते काम मी सोडलं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गॉज-बँडेज, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, पेशंटचे डायपर यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. नर्सिंग सेवा करमुक्त, त्यामुळे सामानावर भरलेला कर आम्हाला परत मिळत नाही. म्हणून ही कपात सरळ हातात पडली. तेवढा दर आम्ही घरच्यांसाठी उतरवला.

अडतं ते सोळाव्या दिवशी. मधुमेहाच्या पायाची जखम १५ दिवसांत भरत नाही, आणि पुढच्या ड्रेसिंगला पॅकेजात पैसे नाहीत. औशाकडच्या एका आजोबांची जखम भरायला अडीच महिने लागले. निम्मे पैसे त्यांच्या लेकानं सोयाबीन विकून दिले, निम्मे आम्ही सोडले. घरच्या ड्रेसिंगचा दर योजनेत यावा, असं लेखी निवेदन मी दोनदा दिलंय. तिसरं तयार आहे.