शेकडा पासष्ट पैसे

त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती, त्यामुळे बँकेच्या शाखेत फारशी गर्दी नव्हती. मावशी काउंटरच्या काचेपलीकडे उभ्या राहून नोटा मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी दोन वाटण्या केल्या. हजार रुपये माझ्याकडे सरकवले, उरलेले पदराच्या टोकाला बांधले आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "हे तुमचं, हे त्यांचं."

बार्शीच्या शाखेत तेव्हा मला चौदा महिने झाले होते. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला मावशी यायच्या, आरडीचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीचे, हजार भरून जायच्या. घरी भाकरी-चपात्यांच्या ऑर्डरी घेतात, यजमान रिक्षा चालवतात, एवढंच मला ठाऊक. तोवर कधी अधिक विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "त्यांचं म्हणजे कुणाचं, मावशी?"

आधी त्या गप्पच राहिल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. सासूच्या ऑपरेशनच्या वेळी ओळखीच्या एका माणसाकडून 1,20,000 रुपये उचलले होते, तीन टक्क्यानं. दर महिन्याला 3,600 रुपये व्याज जातं. बावीस महिने एकदाही चुकवलेलं नाही. आणि मुद्दल? "ते हाय तेवढंच हाय."

मी संगणकावर त्यांचं खातं उघडलं. आरडी तर होतीच, शिवाय नवरा-बायकोच्या नावावर 2,00,000 रुपयांची पाच वर्षांच्या मुदत ठेवीची पावती होती, 6.8 टक्क्यांची. कर्जाच्या आधीची. आता माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "मावशी, घरात दोन लाख असताना तुम्ही बाहेर व्याज का भरताय?"

त्यांचं उत्तर मी विसरू शकत नाही. "मॅडम, पावती पोरीच्या लग्नाची हाय, ती मोडायची न्हाई. आन् तसं बघितलं तर आपण फायद्यातच हाय की. तुमच्यात सात टक्के मिळत्यात, त्यास्नी तीनच द्यायचे."

हिशेबात ही बाई कुणाला हार जाणारी नव्हती. ज्वारीचा भाव, एका किलोत किती भाकरी होतात, गॅसची टाकी किती दिवस पुरते, सगळं तोंडपाठ. ती फसली ती एका न उच्चारलेल्या शब्दामुळे. सावकारीत 'तीन टक्के' म्हणजे महिन्याला शेकडा तीन रुपये. बँकेत 'सात टक्के' म्हणजे वर्षाला. 'महिन्याला' कुणी म्हणत नाही, 'वर्षाला' कुणी म्हणत नाही. दोन्हीकडे नुसते टक्के. आम्ही बँकवालेही पाटीवर आकडा लिहितो आणि ग्राहकाला कळलं असं धरून चालतो.

मी पैसे भरायच्या कोऱ्या स्लिपच्या पाठीवर मांडलं. पावतीवर वर्षाचं व्याज साधारण 13,600. बाहेर जाणारं व्याज 3,600 गुणिले बारा, म्हणजे 43,200. बावीस महिन्यांत दिलेलं 79,200. त्या आकड्यावर मावशींनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभ्या राहिल्या. "आन् मुद्दल तेवढंच," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज वेगळा होता.

पावती न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्याकडे ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळायचं, ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त व्याजानं. म्हणजे 7.8 टक्के. हा आकडा ऐकताच त्या दचकल्या, "आठ टक्के?" माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा बँकेच्याच भाषेत बोलतेय. बाराने भागलं आणि सांगितलं, "तुमच्या भाषेत शेकडा पासष्ट पैसे, मावशी. त्यांचे तीन रुपये, आमचे पासष्ट पैसे. 1,20,000 वर पहिल्या महिन्याचं व्याज 780."

पावतीच मोडली असती तर आणखी स्वस्त पडलं असतं, हे मला कळत होतं. मुदतीआधी मोडल्याचा दंड धरूनही. पण ती पावती एकदा मोडली की त्या घरात पुन्हा उभी राहिली नसती, असं मला ठामपणे वाटलं. मुलीच्या नावानं बाजूला ठेवलेला पैसा शाबूत आहे, या भरवशासाठी वर्षाला हजार-बाराशे जास्त गेले तर जाऊ देत.

पावती दोघांच्या नावावर, म्हणून सही दोघांची हवी होती. दुपारी मावशी यजमानांना घेऊन आल्या. ते खुर्चीच्या कडेवर बसले, मान खाली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्याच्याकडं माझे दोन कोरे चेक हायत. बाँडवर सही पण हाय." खरी भीती ती होती. मी सांगितलं, पैसे रोख नेऊ नका, खात्यातून द्या म्हणजे नोंद राहील. चेक आणि बाँड हातात पडल्याशिवाय रक्कम वळती करू नका. आणि एक विश्वासाचा माणूस सोबत न्या. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपुढे जाता येत नाही, हेही सांगितलं. इथे तर 36 चालले होते. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे करता येते. ते नको म्हणाले. त्याच गल्लीत राहायचं होतं. मी आग्रह धरला नाही. तो निर्णय त्यांचा होता.

तिसऱ्या दिवशी दोघं परत आले. यजमानांनी खिशातून दोन्ही चेक काढून मला दाखवले आणि माझ्यासमोरच फाडले. बाँड मावशींनी घरी चुलीत घातला होता.

आता प्रश्न होता हप्त्याचा. मी म्हटलं, आजवर बाहेर जात होते तेच 3,600 इकडे भरा, 38 हप्त्यांत सगळं फिटतं. आरडीही थांबवून ते हजार कर्जात घाला असं सुचवलं, पण मावशी तयार होईनात. "ती सवय मोडली तर परत लागायची न्हाई." मला पटलं.

पहिल्या हप्त्यानंतर मुद्दल 2,820 रुपयांनी उतरलं. मी तो आकडा दोनदा वाचून दाखवला. तेव्हापासून पैसे भरले की त्या ती जुनी स्लिप पासबुकातून काढायच्या आणि माझ्याकडून राहिलेली रक्कम तिच्यावर पेन्सिलीनं लिहून घ्यायच्या. सातव्या महिन्यात मी आकडा लिहिला आणि काचेखालून स्लिप पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, एकेक अंक मोजला आणि बाहेर रिक्षात बसलेल्या यजमानांना दारातूनच मोठ्यानं ओरडून सांगितलं, "अवो, लाखाच्या आत आलं!"