ठसका गेला आणि दोन हजार पाऊचही गेले

मागच्या ऑगस्टमध्ये घरी रजिस्टर पोस्टानं एका कंपनीच्या वकिलाचं पाकीट आलं. वहिनी पाटावर बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. मी पत्र वाचता वाचता गप्प झाले तर म्हणाल्या, "ताई, काय वाचून राहिल्या तुम्ही, सांगा ना". काय सांगू, हात थरथरत होते माझे. तुमच्या मसाल्याचं नाव आमच्या नावासारखं आहे, पंधरा दिवसांत वापरणं बंद करा, असं लिहिलं होतं.

आमचा धंदा घरगुती आहे, नागपुरात. सावजी मसाला, तिखट आणि लिंबाचं लोणचं. मिरची कळमन्याच्या बाजारातून येते, भिवापुरी मिळाली तर तीच घेतो, भाजणं सक्करदऱ्याच्या घरी आणि दळण चक्कीवर. नाव ठेवलं होतं ठसका. वहिनी मसाला भाजायला लागल्या की अख्ख्या गल्लीला ठसका लागतो, म्हणून ते. नाव सगळ्यांना आवडलं आणि आम्ही लगेच दोन हजार पाऊच छापून टाकले, चौदा हजार रुपये गेले त्यात.

मला वाटायचं आपले कागद तर पक्के आहेत. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन होतं, उद्यमचं सर्टिफिकेट होतं आणि दोन्हीवर ठसका छापलेलं. पण या कागदांनी नावावर हक्क मिळत नाही हो! उद्यम म्हणजे तुम्ही लघुउद्योग आहात याची नोंद, आणि एफएसएसएआय म्हणजे खायचा माल बनवायची परवानगी. शॉप अ‍ॅक्टचंही तसंच. एवढंच काय, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि तिचं नाव मंजूर झालं तरी ट्रेडमार्क, म्हणजे मालाच्या नावावरचा हक्क, वेगळा घ्यावा लागतो, त्याचा कायदाच वेगळा, १९९९ चा. हे मला आधी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि म्हणूनच हे लिहून राहिले, कारण बचत गटाच्या कितीतरी बायका असंच आधी पाऊच छापून मोकळ्या होतात आणि तो पैसा त्यांच्या घामाचा असतो.

मग सिव्हिल लाइन्समधल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आयपी इंडियाची, म्हणजे ट्रेडमार्क देणाऱ्या सरकारी ऑफिसची, वेबसाइट उघडली, त्यात ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च असतो, फुकट आहे, कोणीही बघू शकतं. माल आणि सेवा मिळून ४५ क्लास, म्हणजे गट, आहेत, मसाला ३० मध्ये येतो, लोणचं २९ मध्ये, हॉटेल काढायचं असेल तर ४३. नुसतं आपलं स्पेलिंग टाकून बघून चालत नाही, फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून, सर्चसुद्धा करायचा. मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो, कोणी टीएच लिहितो कोणी नुसता टी, कोणी शेवटी एक ए लावतो कोणी दोन, म्हणून सगळं टाकून बघायचं. पत्र पाठवणाऱ्या त्या कंपनीचं नाव कागदावर आमच्यापेक्षा वेगळं दिसत होतं, पण तोंडानं म्हणून पाहिलं तर जवळजवळ तेच.

मी म्हटलं, अहो पण अक्षरं तर वेगळी आहेत. तेव्हा त्यांनी १९६२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या दोन औषधांच्या नावांचा. अर्थ बघितला तर दोन वेगळे शब्द. पण कोर्टानं म्हटलं की साधा गिऱ्हाईक असे शब्द फोडून बघत नाही, त्याला नाव अर्धवटच आठवतं, त्यामुळे पूर्ण नाव ऐकायला सारखं वाटलं की त्याची फसगत होऊ शकते. हे मला पटलं. इतवारीत किराणा घेताना मी तरी कुठं पुडा निरखून बघते, तोंडात बसलेलं नाव सांगते आणि पुडा पिशवीत टाकते. आम्ही नाव सोडलं. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत कोणाशी.

मग नवीन नावाची शोधाशोध सुरू झाली आणि खरी कसरत इथंच आहे. आपल्या मनात पहिले येतात ती नावं मालाचं वर्णन करणारी असतात, झणझणीत, अस्सल, नागपुरी, आणि नेमकी तीच एकट्याच्या नावावर करून मिळणं कठीण. कायद्याचं कलम ९ तेच म्हणते, जो शब्द मालाचा गुण किंवा गाव सांगतो तो सगळ्यांना वापरता आला पाहिजे. आणि सावजी तर हलबा कोष्टी समाजाची चव आहे, ती आम्ही आमची एकट्याची कशी म्हणायची? मी "नागपुरी संत्रा" टाकून काहीतरी सुचवलं होतं, तर त्याला २०१४ पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची ओळख म्हणून नोंद, आहे, ते नाव तिथल्या सगळ्या संत्रेवाल्यांचं. भाऊ म्हणाला महाराजांच्या नावावरून ठेवू, पण शिवाजी महाराजांचं नाव धंद्याच्या ट्रेडमार्कसाठी वापरायला १९५० च्या कायद्यानं मनाई आहे.

रजिस्टरमध्ये नाव नसलं तरी मोकळं आहे असं समजू नका बरं! कोणी आधीपासून तेच नाव वापरत असेल तर रजिस्ट्रेशन नसतानाही तो कोर्टात जाऊ शकतो, म्हणून इन्स्टाग्राम, गूगल मॅप, इंडियामार्ट सगळं पाहिलं आणि इतवारीत दोन दुकानदारांनाही विचारलं.

शेवटी वहिनींना माहेरी ज्या नावानं हाक मारतात तेच ठरवलं, त्या शब्दाचा मसाल्याशी काही संबंध नाही आणि वकीलबाई म्हणाल्या हेच तर चांगलं. ऑनलाइन अर्ज टाकला, आमच्यासारख्या एकट्यादुकट्या माणसाला एका क्लासची फी ४,५०० रुपये, दोन क्लासचे ९,०००. आता पावती आहे म्हणून नावापुढे टीएम लावतो, पण गोलातला आर रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये नाव छापून आलं की चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं, आणि एकदा रजिस्टर झालं की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं.

जर्नलमधून बाहेर पडलं की नाव इथं लिहीन. यावेळी पाऊच दोनशेच छापले.