वाड्याचा गिलावा: सिमेंट उतरलं, चुना चढतोय

फराळाचे डबे रिकामे झाले तसं मामांच्या वाड्याचं काम पुन्हा हाती घेतलं. आपल्याकडे चुन्याच्या कामाला हाच हंगाम. पावसाळ्यात चुना वाळत नाही आणि चैत्र-वैशाखात वरूनच सुकून तडकतो.

वाडा जुन्या नाशकात, गोदेपासून हाकेच्या अंतरावर. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात बुडाली की गल्लीत पाणी येणार हे इथल्या पोरासोरांनाही माहीत. जोतं काळ्या पाषाणाचं, वर विटा, विटांवर चुन्याचा गिलावा. मधे कधीतरी एका ठेकेदाराने ओल थांबावी म्हणून खालच्या चार फुटांना सिमेंट थापलं. भिंत जमिनीतून पाणी ओढतेच. पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जायचं, आता वाट बुजल्यावर ते वर सरकलं आणि सिमेंटची पट्टी संपते तिथून हातभर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटला. तिथली वीट नखाने खरवडली तरी भुगा पडतो.

ब्रेकर अजिबात लावला नाही. छिन्नी जवळजवळ आडवी धरून, हलक्या हातोडीने सिमेंट कडेकडेने सोडवलं. जिथे ते विटेला घट्ट धरून होतं तिथे विटेचं तोंडच निघून येऊ लागलं, म्हणून तेवढे तुकडे तसेच ठेवलेत. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि सुपलीत गोळा करून बाहेर टाकायचा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत.

वरचा जुना गिलावा थापीच्या मुठीने वाजवून पाहिला. बद्द वाजला, म्हणजे भिंतीपासून सुटला होता, तो खडूने आखला, बाकीचा ठेवला. मामा म्हणाले, "अरे, सगळाच काढून टाक ना एकदाचा, ठिगळं कशाला लावतोस?" मामा, शंभर वर्षं टिकलेला गिलावा काढून माझ्या हातचा लावायचा, हा कुठला व्यवहार?

आता माल. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेला न विझवलेला चुना, पिंपात विझवून पावसाळाभर पाण्याखाली मुरत ठेवला होता. विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी अक्षरशः उकळतं आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा हवाच. मुरलेला चुना लोण्यासारखा थापीवरून घसरतो. खालच्या थराला चुना एक, वाळू दोन, सुरखी एक, वर बोटाच्या पेराएवढा कातरलेला ताग. ओलसर भिंतीत सुरखी फार कामाची, कारण कमी भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी संयोग पावते आणि माल हवेविना, ओलीतही धरतो. चुना मळायची बैलाची घाणी आता कुठली? फावड्याने तुडवून तुडवून मळला. माल कोरडा वाटला तरी लगेच पाणी ओतू नका, आणखी मळा, तो आपोआप सैल होतो.

गूळ, बेलफळ, हिरडा यांवर आपल्या मंडळींत फार चर्चा चालते. गुळाच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो आणि माल हाताला मऊ लागतो, हे खरं. पण गूळ जास्त झाला तर गिलावा कच्चा राहतो. माझं मत विचाराल तर आधी वाळू नीट चाळा आणि भिंत भिजवा, गुळाचं नंतर बघू.

दारावरच्या महिरपीत चुनेगच्चीची, म्हणजे चुन्यात घडवलेल्या नक्षीची, वेल आहे, तिच्या टोकाला पोपट. ऑइल पेंटच्या थरांखाली तो नुसता गोळा दिसत होता. बांबूच्या कामटीने रंग सोडवत गेलो तशी पंखावरची एकेक रेघ उघडी पडली. ओल्या चुन्यात कोरलेल्या त्या रेघा एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ आहेत. कारागिराने हत्यार तिरकं धरलं असणार. चोच तुटलीय. तिथे पितळी तार रोवून वर बारीक चुना आणि संगमरवराची पूड, पातळ पातळ थरांत. खालच्या कंगोऱ्याला जस्ती पत्र्याचा साचा कापला, लाकडी पट्टीवरून एकाच दिशेने ओढला. तो पहिल्या फेरीत ओबडधोबडच दिसतो, घाबरू नका, रेघ शेवटच्या पातळ मालाला येते.

नव्या गिलाव्यावर ओलं गोणपाट टांगलंय. भिंतीला चिकटवायचं नाही, मधे हवा खेळली पाहिजे, कारण चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि त्यासाठी थोडी ओलही लागते. काल कोपऱ्यातला एक खपला तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन सोडलं, कच्च्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन. पृष्ठभाग रंगहीन, आतला भाग गुलाबी भडक. म्हणजे आतला चुना अजून कच्चाच आहे. प्लॅस्टिक पेंटचा विषय मामांकडे काढलेला नाही. नीळ घातलेली चुन्याची सफेदीच देणार.

पुढचा टप्पा चौकातली उत्तरेची भिंत. तिला ऊन कमी, ओल जास्त, म्हणजे सुरखी जास्त लागणार. कुणाकडे सुरखीसाठी कुटायला मोडक्या गावठी कौलांचा ढीग पडून असेल तर कळवा, टेम्पो घेऊन येतो. यंत्रात भाजलेल्या कडक विटांचा चुरा मात्र नको.