बोंबलाचा खोल पाण्यातला भाऊबंद

मी १९८८ च्या दहावी बॅचची, कोळीवाड्यातली. शाळेत यायच्या आधी आईबरोबर बोंबील वाळत घालायचे हे माझं रोजचं काम, म्हणजे दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, शंभर-दीडशे जोड्या झाल्या की बोटांवर बारीक ओरखडे यायचे. नववीत प्रॅक्टिकलला सरांनी ते बघितले आणि विचारलं हे कशाने गं? मी सांगितलं. तर म्हणाले उद्या दोन ताजे बोंबील घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गासमोर बोंबलाच्या तोंडात सुतळीचा तुकडा घातला. आत सहज गेला, ओढायला गेले तर अडकला. मग सरांनी मला बोटाने दात दाबून बघायला लावले, ते घशाकडे झुकतात पण उलट झुकत नाहीत. जवळा किंवा छोटा मासा आत जातो, बाहेर येऊ शकत नाही. इतकी वर्षं मी ज्या दातांच्या जिवावर जोड्या अडकवत होते ते असे का आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि इतका मऊ, पाणीदार मासा पक्का शिकारी आहे हेही. जाता जाता सर म्हणाले याचे भाऊबंद पार खोल समुद्रात राहतात. तेवढ्यात बेल झाली.

ते वाक्य डोक्यात राहिलं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इन्व्हेस्टिगेटर या संशोधन जहाजाने पूर्व किनाऱ्याजवळच्या खोल तळातून काढलेल्या माशांचे फोटो आले, त्यात एकाचा जबडा बघून मी थांबलेच. बॅथीसॉरस फेरॉक्स. शोधलं तर बोंबील आणि हा एकाच गणातले, ऑलोपिफॉर्मिस!! १८७८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी चॅलेंजर या ब्रिटिश समुद्र-संशोधन मोहिमेतल्या नमुन्यावरून त्याला हे नाव दिलं.

हा साधारण दोन फुटांचा, राहतो बहुतेक १००० ते २५०० मीटरवर, पाणी बर्फासारखं गार आणि सूर्याचा उजेड अजिबात नाही. तिथे खायला इतकं कमी की पोहत शिकार शोधणं परवडत नाही, म्हणून तो तळाच्या चिखलावर पोट टेकून निपचित पडून राहतो आणि मासा किंवा कोळंबी जवळ आली की झडप. दात आपल्या बोंबलासारखेच आत झुकणारे, आणि जिभेवरसुद्धा. तिथे एकदा सापडलेलं भक्ष्य सुटलं तर पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नाही ना.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. बोंबलात नर वेगळा, गाभोळीवाली मादी वेगळी. हा मासा उभयलिंगी, एकाच अंगात अंडीही आणि शुक्राणूही. एवढ्या अंधारात, एवढ्या विरळ वस्तीत आपल्या जातीचा दुसरा कधीतरी भेटणार, मग जो भेटेल त्याच्याशी जोडी जमली पाहिजे.

आईला फोटो दाखवला. तिने मोबाईल जवळ घेऊन जबडा नीट बघितला आणि म्हणाली, "याची पण जोडी लागेल की दोरीवर."

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला येताना मी ताजे बोंबील आणणार आहे, नववीच्या वर्गासाठी. सुतळीपण.